शार्क एक, डॉक्टर पंचवीस

सांगलीच्या गावभागातून एका वाचकाचं पत्र आलंय. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं सलून आहे. ते लिहितात:

"दुकानात तीन फुटी टाकी आहे. दोन वर्षांपूर्वी बोटाएवढे दोन शार्क आणले, ते वाढून फूटभर झाले. केस कापताना रडणारी पोरं त्यांच्याकडं बघून गप बसतात, म्हणून आमच्या धंद्याला त्यांचा आधारच. पंधरवड्यापूर्वी दोन गोल्डफिश आणून त्यांच्यात सोडले. मागल्या सोमवारी सुट्टी होती, तेव्हा सगळं पाणी काढून टाकी घासली, फिल्टरचा स्पंज साबण पावडरनं धुतला, नवं पाणी भरलं. चौथ्या दिवशी एक शार्क मेला. दुसऱ्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे दाणे आलेत. नाक लाल झालंय, खडीवर अंग घासतो, खात नाही, सारखा वर येऊन तोंड उघडतो. गिऱ्हाइकांनी सांगितलं तशी हळद टाकली, दोन-तीनदा मूठभर मीठ टाकलं, मेडिकलमधनं टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून फोडल्या, निळं औषध टाकलं. तासगावचे एक बागायतदार म्हणतात, मोरचूद टाका, एका दिवसात साफ. मासेवाला म्हणतो, कशाला खटाटोप, नवी जोडी न्या. आई म्हणते, कृष्णामाईत सोडून ये, जगला तर जगला. काय करू?"

दादा, मोरचूद (म्हणजे तांब्याचं कॉपर सल्फेट) अजून टाकलं नसेल तर वेळ गेलेली नाही. आता पहिलं काम म्हणजे मी खाली मापानं सांगतो ते सोडून आजपासून टाकीत काहीही टाकणं बंद. ज्यानं जे सुचवलं ते सगळं एकाच पाण्यात गेलंय आणि मासा त्याच पाण्यात श्वास घेतोय. आजाराशी झुंजायचं बाजूलाच राहिलं, बिचारा उपचारांशी झुंजतोय.

आज रात्री शटर ओढलं की नळी लावून तळातलं पाणी ओढून काढा, साधारण एक तृतीयांश. नळीचं तोंड खडीत खुपसून फिरवा, म्हणजे खाली बसलेली हळद आणि घाण दोन्ही निघेल. भरायचं पाणी टाकीइतकंच कोमट हवं. हात घालून अंदाज घेऊ नका, शंभरेक रुपयांचा थर्मामीटर आणा. नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं. मत्स्यालयाच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बादलीला दोन-चार बारके खडे विरघळवा आणि मगच ते पाणी टाकीत ओता. हायपो नसेल तर बादल्या भरून आदल्या रात्रीपासून उघड्या ठेवा, जमल्यास त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावून बुडबुडे सोडतो तो) सोडा. उद्या सकाळी पुन्हा एक तृतीयांश. सगळं पाणी एका दमात बदलायचं नाही.

टाकीत हवेचा एक दगड असेल तर दुसरा जोडा. खाणं तीन दिवस बंद. फूटभर मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, टाकीत न खाल्लेलं अन्न कुजलं तर मात्र होतं. टाकीवरचा दिवा बंद ठेवा. गोल्डफिश बाहेर काढू नका. त्यांच्या अंगावर दाणे दिसत नसले तरी त्यांनाही लागण झालेलीच असणार, तेव्हा उपचार सगळ्यांवर एकाच टाकीत होऊ द्या.

आता रोगी कोण आहे ते बघू, कारण औषधाचं माप त्यावर ठरतं. खरा शार्क समुद्राचा. तो खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत हौसेनं पाळणारे लोक आहेत, पण तीन फुटी गोड्या पाण्यात तो राहत नाही. बाजारात शार्क म्हणून बोटाएवढी चंदेरी-काळपट पिल्लं विकतात ती बहुधा पंगसची असतात. दोन वर्षांत फूटभर वाढ, काचेला नाक आपटणं, वर येऊन हवा घेणं, हे सगळं त्यालाच जुळतं. मूळचा तो मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा, म्हणजे थायलंड-व्हिएतनामकडचा. मांजरमाशांच्या कुळातला, तोंडाला मिशा असलेला. आंध्रातल्या तळ्यांत त्याची मोठी शेती होते, आणि हॉटेलात बासा म्हणून पांढरी लुसलुशीत तुकडी येते ती पुष्कळदा याचीच.

पंगसच्या अंगावर खवले नसतात. रोहू-कटल्याला खवल्यांचं चिलखत असतं, याची कातडी उघडी. पाण्यातलं औषध याला लवकर आणि जास्त भिनतं. म्हणून बाटलीवर लिहिलेलं माप याच्यासाठी निम्मं धरायचं, हे पक्कं लक्षात ठेवा. (खऱ्या शार्कचं दुखणं आणखी नाजूक. तांबं असलेलं औषध त्याच्या टाकीत गेलं की विष झालंच. कुणाकडे तसली टाकी असेल आणि तो हे वाचत असेल, तर पुढची मापं त्याच्यासाठी नाहीत.)

आणखी एक. पंगस अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, ही त्याची निरोगी सवय आहे. एरवी त्यानं तसं केलं तर घाबरू नका. पण तुम्ही लिहिता तसा तो सारखाच वर तोंड करून राहिला असेल, तर कल्ल्यांना त्रास आहे. दाणे कल्ल्यांच्या आत गेलेत किंवा पाण्यात अमोनिया झालाय. तुमच्या टाकीत दोन्ही असावं असं मला वाटतं.

त्या पांढऱ्या दाण्यांना मत्स्यालयवाले 'इक' म्हणतात. शास्त्रीय नाव इक्थियोफ्थिरियस. एकपेशीय जीव आहे. दिसतो तो दाणा म्हणजे कातडीच्या खाली बसून मासा कुरतडणारा पोसलेला जीव. तो कातडीच्या आड असतो, त्यामुळं कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो स्वतःच गळून खडीत पडतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागत जातो. एका दाण्यातून शेकड्यांनी, कधी हजारावर पिल्लं बाहेर पडतात. ही पिल्लं उघड्या पाण्यात पोहत मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मीठ असो की औषध, त्याचा वार बसतो तो याच पोहणाऱ्या पिल्लांवर.

त्यामुळं गिऱ्हाइकांचा आणि रोगाचा हिशोब जुळत नाही. आज औषध टाकलं, उद्या दाणे तसेच, म्हणून परवा दुसरं टाकलं. दाणे तसेच असणारच, औषधाचं काम चालू असतं ते पाण्यात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. याच्या उलटंही होतं. चार दिवसांनी मासा एकदम स्वच्छ दिसतो, मालक खूश होतो, औषध थांबवतो. तेव्हा सगळे दाणे खडीत पडलेले असतात. आठवड्यात पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन परत येतात आणि दुसऱ्या खेपेला मासा सहसा वाचत नाही. दाणे दिसेनासे झाले तरी उपचार आणखी सात दिवस चालू ठेवायचे. या पत्रातली एकच ओळ पाळायची झाली, तर ही पाळा.

खडीत कवच करून बसलेल्यांवर औषध चालत नाही, नळी चालते. म्हणून रोज रात्री खडीतून नळी फिरवून वीस-पंचवीस लिटर पाणी काढायचं. खडी जाड थराची असेल तर निम्मी काढूनच टाका.

दाणे आले कुठून? पंधरवड्यापूर्वी आणलेल्या गोल्डफिशबरोबर ते आले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. वरून थंडी. जानेवारीत आपल्याकडं पहाटे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, दुकान रात्रभर बंद, टाकीत हीटर नाही. पंगस गरम देशाचा, पाणी गार पडलं की त्याची ताकद कमी होते आणि जीवजंतूंना रान मोकळं मिळतं. थंडीत हा रोग रेंगाळतो. पाणी थंड असेल तर या जीवाचा एक फेरा पुरा व्हायला काही आठवडे लागू शकतात, २५-२६ अंशांना तोच चार-सहा दिवसांत होतो. फेरा लवकर झाला की पिल्लं लवकर उघड्यावर येतात आणि लवकर मरतात. म्हणून पाणी तापवायचं.

२०० वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला काचेचा हीटर आणा. आधी २६ अंश, मग दिवसाला दोन अंश या चालीनं ३० पर्यंत न्या. फूटभर मासा बिथरला की शेपटीच्या एका फटक्यात हीटरची काच फोडतो, म्हणून भोवती प्लास्टिकची जाळी हवी, किंवा हीटर कोपऱ्यात दगडाआड आडवा लावा. पाणी काढताना प्लग काढूनच हात घाला. अंघोळीची बादली तापवायची रॉड टाकीत सोडायचा विचार मनात आला असेल तर तो तिथंच सोडून द्या. रॉडला तापमान कळत नाही, मासा शिजतो, आणि ओल्या हातानं तुम्हालाच शॉक बसायची भीती.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणूनच दुसरा हवेचा दगड. वीज गेली तर चालेल असा बॅटरीवरचा पंपही मिळतो, आणून ठेवा.

आता मिठाचं. तुम्ही मुठीनं टाकलंत, मी मापानं सांगतो. टाकीतल्या पाण्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून हजारानं भागा, लिटर मिळतील. तीन फुटी टाकी साधारण ९० लांब आणि ३८ रुंद असते. पाणी ३८ उंच भरलं असेल तर १३० लिटर होतात, खडीचे वजा जाता १२० धरा. लिटरला २ ग्रॅमच्या हिशोबानं एकूण २४० ग्रॅम मीठ लागेल. तेही एकदम नको. ८० ग्रॅम आज रात्री, ८० उद्या सकाळी, ८० उद्या रात्री, प्रत्येक वेळी मगभर पाण्यात विरघळवून, माशापासून लांब, हळूहळू. खडे मीठ चालेल. किराणा दुकानातून ८० ग्रॅमच्या तीन पुड्या बांधूनच आणा, म्हणजे हात सैल सुटणार नाही. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, ते पाण्यातच राहतं. तेव्हा रोजचं पाणी बदललं की काढलेल्या पाण्यापुरतंच परत घालायचं: २५ लिटर काढलं तर ५० ग्रॅम. आधीचं मुठीचं मीठ किती होतं ते तुम्हालाही ठाऊक नसणार, पण दोनदा तृतीयांश पाणी बदललं की त्यातलं निम्म्याहून जास्त निघून जाईल. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर मिठानं जातील. जाऊ द्यात.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले चार दिवस एवढ्यावरच थांबलो असतो: उष्णता, मीठ, हवा, खडीतून नळी. आधीच इतकी रसायनं पचवलेल्या माशावर पाचवं घालायला माझा हात धजत नाही. चौथ्या दिवशी दाणे वाढलेले दिसले तर मॅलॅकाइट ग्रीन असलेलं पांढऱ्या ठिपक्यांचं औषध आणा आणि निम्म्या मापानं द्या. पुन्हा कधी द्यायचं ते बाटलीवर असतं. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. हातात मोजे घाला. हे औषध माणसाच्या कातडीलाही चांगलं नाही, खायच्या माशांवर ते वापरायला मनाई आहे. आणि एका वेळी एकच औषध. निळं औषध चालू असेल तर ते बंद करून, पाणी बदलून, मग हे.

आता तुमच्या बाकीच्या डॉक्टरांकडे वळतो. माणसं चांगली आहेत, उपाय चुकलेत.

हळद सांगलीची, तिच्याबद्दल वाईट बोलायची माझी छाती नाही. पण हळद पाण्यात विरघळत नाही. ती खडीवर बसते, कल्ल्यांत अडकते आणि कुजते. माणसाच्या जखमेवर लावायची चीज माशाच्या श्वासात गेली.

टेट्रासायक्लिन जिवाणूंवरचं औषध. पांढरे दाणे जिवाणू नव्हेत, त्यांच्यावर ते चालत नाही. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्यातलं बरंचसं बांधून टाकतं, आणि जे उरतं ते फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंच्या जिवावर उठतं.

मोरचुदाचं मात्र नीट ऐका, कारण तासगावकर पाहुणे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. तांब्यानं हा जीव मरतो, हे खरं. बागायतदाराला मोरचुदाची सवय असते. बागेत फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला शंभर लिटरमागं किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना, हे त्याच्या हातात बसलेलं माप. तुमच्या १२० लिटरला किती लागेल? सुमारे ७० मिलिग्रॅम. चिमटीत धराल तर त्याच्या कितीतरी पट जाईल. आणि मासा मारायला किती पुरेल हे पाण्याच्या जडपणावर ठरतं. मऊ पाण्यात थोडंही जास्त, जड पाण्यात तेच निकामी. सोनाराच्या काट्याशिवाय आणि तांबं मोजायच्या किटशिवाय ते करू नये. बिनखवल्याच्या माशाला तर नकोच.

एक मासा मात्र दाण्यांनी मेला असं मला वाटत नाही. टाकी घासल्यावर चौथ्या दिवशी मेला म्हणता. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. माशाच्या मूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. साबणानं स्पंज धुतला की ती एका दिवसात संपते. टाकी काचेसारखी स्वच्छ, पाणी नितळ, आणि त्या नितळ पाण्यात फूटभराच्या दोन माशांचा अमोनिया साठत गेला.

त्यात आपलं पाणी. कृष्णाकाठची क्षारपड जमीन तुम्हाला माहीत आहे, बोअरचं पाणी चाखूनच कळतं. बोअरचं पाणी टाकीत असेल तर पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) आठच्या आसपास निघायची शक्यता मोठी. पीएच सात असताना पाण्यातल्या अमोनियापैकी शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. आठला तोच पाच भागांवर जातो. पाणी तापवलं की आणखी थोडा वाढतो. म्हणून पाणी तापवण्याआधी अमोनिया मोजा. थेंबांचं किट मत्स्यालयाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवीत. लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर काहीही दिसलं तर त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला, आणि दोन्ही शून्यावर येईपर्यंत रोज बदला. यापुढे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत चार वेळा पिळून. साबण नाही, नळाची धार नाही.

आता तुमच्या धंद्याबद्दल थोडं बोलतो, कारण सलूनमध्ये टाकी ठेवण्याचं दुखणं वेगळंच आहे. हवेचा पंप खोलीतली हवा खेचून पाण्यात सोडतो. म्हणजे स्प्रे, डिओडरंट, डायचा वास, सगळं पाण्यात जातं. अमोनियावाला डाय लावत असाल तर तो वायू पाण्यात चटकन विरघळतो. त्याहून वाईट म्हणजे डासांचं लिक्विड मशीन आणि झुरळांचा फवारा. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अगदी थोडी पुरतात. रात्री दुकान बंद करून मशीन लावून जात असाल तर आजपासून बंद करा. पंपाला लांब नळी जोडून तो खिडकीबाहेर किंवा घराच्या आतल्या खोलीत ठेवा. टाकीवर झाकण हवंच. आफ्टरशेव्ह लावलेला हात टाकीत घालायचा नाही.

आणि भडंग! तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक हातातल्या पुडीतलं चार दाणे टाकीत टाकल्याशिवाय राहत नसणार. तेल, मीठ, लसूण, तिखट. पंगस काहीही खातो, म्हणून सगळे खूश. बंद करा.

नाकाची लाली बहुधा आपटून आलीय. पंगस कळपानं राहणारा, घाबरट मासा. समोर आरसा, मागं आरसा, बाजूला टीव्ही, आणि पोरं काचेवर टकटक करतायत. तो दचकून सुटतो आणि नाक काचेवर. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा कागदानं झाका, समोरची तेवढी मोकळी ठेवा, आणि तीही पुढचे पंधरा दिवस पडद्याआड. जखम चिघळून त्यावर कापसासारखा पुंजका आला तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात फोटो घेऊन जा. शेततळ्यातल्या मत्स्यपालकांचे असले प्रश्न त्यांना नवे नाहीत.

हे सगळं करून तो बरा झाला, तरी एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही ती सांगायलाच हवी. त्या टाकीत तो राहू शकत नाही. हा मासा नदीत १३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, ४४ किलोपर्यंत वजनाची नोंद आहे. फूटभराचा मासा ३८ सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत वळतो तेव्हा नाक एका काचेला आणि शेपूट दुसरीला. बोटाएवढं पिल्लू विकताना हे सांगणं विकणाऱ्याचं काम होतं.

आईचं मन मी समजू शकतो, पण कृष्णेत सोडू नका. तो आपल्या नदीचा नाही, अंगावरचा रोग बरोबर नेईल, आणि जगलाच तर तिथल्या माशांचं खाणं खाईल. उजनीच्या जलाशयात हौशी लोकांच्या टाक्यांतला सकर मासा आज मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतोय. गावभागातल्या माणसाला पुराबद्दल काय सांगायचं. एकदा नदीत गेलेली गोष्ट पुरात कुठून कुठं जाते हे तुम्ही २०१९ ला पाहिलंय.

त्यापेक्षा तुमच्या तासगावकरांनाच विचारा. पूर्वेकडं, तासगाव, कवठे महांकाळ, जत भागात प्लास्टिक अंथरलेली शेततळी पुष्कळ आहेत, काहींत मासे पाळलेलेही आहेत. ज्या तळ्याचं पाणी ओढ्याला जात नाही आणि ज्याच्या शेजारी द्राक्षावरच्या औषधांचे ड्रम धुतले जात नाहीत, असं तळं बघा. शेवटचा दाणा गेल्यापासून पूर्ण महिना आपल्याच टाकीत ठेवा, मगच द्या, नाहीतर त्यांचे मासे जातील. थंडी सरल्यावर न्या. आणि मॅलॅकाइट ग्रीन वापरलं असेल तर तळेवाल्याला स्पष्ट सांगा की हा मासा कधीच खायचा नाही. ते औषध मांसात बराच काळ राहतं.

नाही वाचला तर? आडवा पडला, उलटा तरंगायला लागला, दोन दिवसांत सुधारणा नाही, तर त्याला फरशीवर टाकू नका, फ्रीझरमध्ये ठेवू नका, संडासात तर नाहीच. लवंगेचं तेल मेडिकलमध्ये मिळतं. बाटलीत कोमट पाण्यात तेल घालून दूध होईपर्यंत हलवा. मासा टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत घ्या आणि ते त्यात आधी थोडं, मासा निपचित झाला की बाकीचं ओता, मिळून दहा लिटरला ४ मिली तेल. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान दहा मिनिटं, जमलं तर अर्धा तास तिथंच ठेवा. मग परसात पुरा.

मासेवाल्याची नवी जोडी आणू नका, निदान ती नको. पंगस गेला किंवा शेततळ्यावर गेला आणि गोल्डफिश कुणी मोठ्या टाकीवाल्यानं नेले, की टाकी दोन आठवडे माशांशिवाय २८-३० अंशांवर चालू ठेवा. मासा मिळाला नाही की रोग आपोआप संपतो. त्या दिवसांत रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे स्पंजातले जिवाणू उपाशी मरणार नाहीत. मग मीठ उतरेपर्यंत पाणी बदला आणि गप्पी, मॉली, प्लॅटी आणा. आपलं जड पाणी त्यांना मानवतं, तीन फुटांत ऐसपैस राहतात, आणि पोरांना बघायला महिन्याला नवी पिल्लं. आणल्या दिवशी सलूनमध्ये नका ठेवू. आधी तीन आठवडे आतल्या खोलीत, वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीनं.